एक्सचेंज 2003 वरून 2010 वर गेल्यावर कॅलेंडरमधली मोकळी-बिझी वेळ दिसेना : एका ऑफिसचं प्रकरण

प्रकरण जुनं आहे, एक्सचेंज 2003 चा (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-कॅलेंडर सर्व्हरच्या जुन्या व्हर्जनचा) सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपणार होता म्हणून सगळीकडे अपग्रेडची धांदल चालली होती त्या काळातलं. तरी पूर्ण लिहून ठेवतोय, कारण एकाच तक्रारीखाली चार-पाच वेगवेगळे बिघाड एकावर एक बसलेले होते, आणि त्यातले निम्मे आजच्या व्हर्जनमध्येही जसेच्या तसे होऊ शकतात.

स्थिती अशी. मेल सर्व्हर एक्सचेंज 2003, शेजारी नवीन 2010 चा सर्व्हर उभा केलेला, मेलबॉक्स एकदम न हलवता बॅचने हलवत होतो. लोकांच्या मशीनवर बहुतेक आउटलुक 2007, काही नव्या मशीनवर 2010, आणि अकाउंट्समध्ये अजून आउटलुक 2003 कारण त्यांचं एक जुनं अ‍ॅड-इन त्याच्यावरच चालायचं. पहिली बॅच शनिवारी हलवली, मेल येतायत जातायत, फोनवर मेल येतोय, सगळे खूश. सोमवारी सकाळी मीटिंग लावायला लोक बसले आणि शेड्युलिंग असिस्टंटमध्ये सहकाऱ्यांच्या नावापुढे निळ्या पट्ट्यांऐवजी नुसत्या तिरक्या रेघा. माउस नेला की 'माहिती उपलब्ध नाही'.

तक्रार अर्थातच "आमचं कॅलेंडर उडालं" अशी आली. कॅलेंडर कुठेही उडालं नव्हतं, ज्याचं त्याला आपलं कॅलेंडर व्यवस्थित दिसत होतं, ज्यांनी एकमेकांना आपलं कॅलेंडर शेअर केलेलं होतं त्यांना तेही डावीकडच्या यादीतून उघडता येत होतं. फक्त मीटिंग लावताना समोरच्याची वेळ दिसत नव्हती. हा फरक सुरुवातीलाच नीट लक्षात घेतला पाहिजे कारण या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या रस्त्याने येतात. शेअर केलेलं कॅलेंडर आउटलुक थेट समोरच्याच्या मेलबॉक्समधलं फोल्डर म्हणून उघडतं. मोकळी-बिझी वेळ मात्र एका वेगळ्याच सेवेकडून मागवली जाते, आणि ती सेवाच अपग्रेडमध्ये मुळापासून बदललेली होती.

आधी कसं चालायचं, नंतर कसं

2003 पर्यंतची पद्धत म्हणजे ऑफिसच्या नोटीस बोर्डसारखी. सर्व्हरवर एक लपवलेलं सिस्टिम पब्लिक फोल्डर (सगळ्यांच्या वापराचं सामाईक फोल्डर) असायचं, शेड्युल प्लस फ्री बिझी नावाचं. प्रत्येकाचं आउटलुक दर 15 मिनिटांनी आपल्या मालकाची पुढच्या 2 महिन्यांची वेळ तिथे चिकटवून यायचं (हे दोन्ही आकडे डीफॉल्ट, बदलता यायचे), आणि ज्याला मीटिंग लावायची त्याचं आउटलुक तिथलं वाचायचं. म्हणजे दिसायचं ते शेवटचं चिकटवलेलं, ताजं असेलच असं नाही.

एक्सचेंज 2007 पासून अव्हेलेबिलिटी सर्व्हिस आली. आता आउटलुक 2007 किंवा पुढचं असेल तर ते एचटीटीपीएस वरून सर्व्हरच्या वेब सर्व्हिसेसला, म्हणजे ईडब्ल्यूएसला विचारतं, आणि सर्व्हर त्या क्षणी समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये बघून उत्तर देतो. ईडब्ल्यूएसचा पत्ता कुठून कळतो तर ऑटोडिस्कव्हरकडून, आणि डोमेनमधल्या मशीनला ऑटोडिस्कव्हरचा पत्ता कळतो अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (ऑफिसच्या सगळ्या अकाउंट-मशीनची मध्यवर्ती नोंदवही) एससीपी नावाच्या नोंदीवरून. म्हणजे आधी एससीपी, मग ऑटोडिस्कव्हर, मग ईडब्ल्यूएस, मग मेलबॉक्स. या साखळीतली एक कडी निसटली की रेघा.

आता गंमत बघा, 2003 च्या काळात आउटलुकला ऑफिसच्या आत मेल सर्व्हरशी वेबवरून बोलायची गरजच कधी पडली नव्हती. त्यामुळे सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला), प्रॉक्सी (वेबवर जाताना मधे असणारा सर्व्हर), डीएनएस (नावावरून आयपी पत्ता काढणारी सेवा) यातलं काहीही कुणी त्या नजरेने तपासलेलं नव्हतं. आणि एक्सचेंज 2010 मध्ये ऑफिसच्या आतून साधा मेल अजूनही आरपीसी या जुन्या पद्धतीने थेट सर्व्हरशी बोलतो, वेबवरून नाही. म्हणून मेल झकास आणि कॅलेंडरची वेळ गायब, असं चित्र दिसतं. 2013 पासून मेलही एचटीटीपीवरूनच जातो, तिथे अशा चुका झाल्या तर बहुधा मेलच बोंबलतो आणि लवकर पकडता येतं.

कोणाला दिसतं आणि कोणाला नाही

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळायचा, आउटलुक क्लीनफ्रीबिझी स्विचने चालू करा. हेल्पडेस्कच्या पोरांनी तो दोनचार मशीनवर मारलाही. तो स्विच पब्लिक फोल्डरमधली आपली नोंद पुसून नवीन लिहितो, म्हणजे ज्याचा मेलबॉक्स 2010 वर गेलाय आणि आउटलुक 2007 आहे त्याला बघताना जो त्रास होतोय त्याच्याशी त्याचा काही संबंधच नाही. प्रोफाइल नवीन करून बघणं हाही तसाच, अर्धा तास जातो आणि रेघा तिथल्या तिथेच.

त्यापेक्षा एक कागद घेऊन बसलो. बघणारा कोण, ज्याचं बघायचंय तो कोण, आउटलुक कुठलं, आणि वेबमेलमधून बघितलं तर काय. वेबमेलची चाचणी यात सगळ्यात महत्त्वाची, कारण वेबमेलमध्ये मशीनवरचं आउटलुक, त्याची सर्टिफिकेटबद्दलची कुरकुर, ब्राउझरची प्रॉक्सी सेटिंग, ऑटोडिस्कव्हर हे सगळं बाजूला पडतं आणि सर्व्हर स्वतःच वेळ शोधतो. वेबमेलमध्ये दिसतंय आणि आउटलुकमध्ये नाही म्हणजे बिघाड मशीन ते सर्व्हर या रस्त्यात. दोन्हीकडे नाही म्हणजे सर्व्हरच्या पलीकडे.

कागदावर निघालं ते असं (हलवलेला म्हणजे ज्याचा मेलबॉक्स 2010 वर गेलाय तो). हलवलेला माणूस हलवलेल्याचं बघतोय तर आउटलुकमध्ये रेघा, वेबमेलमध्ये बरोबर. हलवलेला माणूस न हलवलेल्याचं बघतोय तर वेबमेलमध्येसुद्धा रेघा. न हलवलेला माणूस हलवलेल्याचं बघतोय तर बहुतेकांचं दिसतंय पण नुकत्याच जॉइन झालेल्या काही जणांचं अजिबात नाही. आणि एका डायरेक्टर साहेबांचं कोणालाच कुठूनच दिसत नाही. शिवाय दोन फुटकळ पण कामाच्या नोंदी: लॅपटॉपवाले म्हणाले घरून बघितलं तर व्यवस्थित दिसतं, ऑफिसात आलं की नाही. आणि एचआरच्या मॅडम म्हणाल्या की आउट ऑफ ऑफिस लावायला गेलं तर सर्व्हर उपलब्ध नाही असा मेसेज येतो, "पण तो वेगळा प्रॉब्लेम आहे, त्याचं तिकीट मी नंतर टाकते."

तो वेगळा प्रॉब्लेम नव्हता. आउटलुक 2007 पासून आउट ऑफ ऑफिसही त्याच ईडब्ल्यूएसवरून लावलं जातं. कॅलेंडरची वेळ आणि आउट ऑफ ऑफिस दोन्ही एकाच मशीनवर एकदम बंद असतील तर कॅलेंडरकडे बघत बसूच नये, ईडब्ल्यूएसचा रस्ता तपासायचा. मॅडमच्या त्या एका वाक्याने आमचा बराच वेळ वाचला.

पहिला बिघाड, सर्टिफिकेटवरचं नाव

आउटलुक चालू असताना घड्याळाजवळच्या त्याच्या छोट्या आयकॉनवर कंट्रोल दाबून राइट क्लिक केलं की नेहमीपेक्षा मोठा मेनू येतो, त्यात टेस्ट ई-मेल ऑटोकॉन्फिगरेशन असतं. गेसस्मार्टच्या दोन्ही टिका काढायच्या, फक्त ऑटोडिस्कव्हर ठेवायचं, आणि चालवायचं. निकालात अव्हेलेबिलिटी सर्व्हिसचा पत्ता येतो आणि लॉगच्या टॅबवर आउटलुक कुठे कुठे गेलं ते ओळीने दिसतं. हे एक टूल माहीत असेल तर अशा प्रकरणात निम्मं काम तिथेच होतं, आणि ते मेनूत लपवून का ठेवलंय देव जाणे.

पत्ता आला तो सर्व्हरच्या अंतर्गत नावाचा, डॉट लोकलने संपणारा. एक्सचेंज इन्स्टॉल होताना एससीपी आणि ईडब्ल्यूएसचे आतले पत्ते स्वतःहून सर्व्हरच्या पूर्ण नावाने भरतो, आणि तेव्हा त्याने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेटही त्याच नावाचं असतं, त्यामुळे जुळतं. नंतर फोन आणि बाहेरच्या वेबमेलसाठी विकतचं सर्टिफिकेट आणून बसवलं गेलं, त्यावर नाव बाहेरचं, मेल डॉट कंपनीचं डोमेन. पत्ते मात्र तसेच राहिले. सर्टिफिकेटवर एक नाव, आउटलुक हाक मारतंय दुसऱ्याच नावाने.

विकतच्या सर्टिफिकेटमध्ये डॉट लोकल नाव टाकून घ्यावं असा एक विचार पुढे आला होता. तेव्हा तसं काही ठिकाणी मिळायचं, पण 1 नोव्हेंबर 2015 च्या पुढे मुदत जाणारं अंतर्गत नावाचं सर्टिफिकेट कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेट कंपनीने द्यायचं नाही असा नियम आधीच ठरलेला होता, म्हणजे थोड्या काळाने परत हेच रडगाणं. त्यामुळे उलटं केलं, पत्तेच सर्टिफिकेटच्या नावावर आणले.

आउटलुकचं वागणं इथे फसवं आहे. ऑटोडिस्कव्हरच्या वेळी नाव जुळलं नाही तर ते सर्टिफिकेटची वॉर्निंग दाखवतं, लोक त्यावर 'येस' दाबून पुढे जातात आणि विसरतात. पण शेड्युलिंग असिस्टंट मागून जी ईडब्ल्यूएसची रिक्वेस्ट जाते ती नाव न जुळल्यास गुपचूप मरते, काही विचारत नाही, सांगत नाही, रेघा दाखवून मोकळी. त्यामुळे 'येस' दाबणाऱ्याला वाटतं वॉर्निंग गेली म्हणजे प्रश्न मिटला. घरून चालत होतं त्याचंही कोडं इथे सुटलं, घरी मशीनला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी दिसत नाही, मग एससीपी नाही, मग आउटलुक ईमेलच्या डोमेनवरून ऑटोडिस्कव्हर शोधतं, तिथून त्याला बाहेरचे पत्ते मिळतात आणि ते फोनसाठी आधीच नीट भरलेले होते.

दुरुस्ती तशी छोटी. मॅनेजमेंट शेलमधून (एक्सचेंजला कमांड द्यायची खिडकी) सेट-क्लायंटअ‍ॅक्सेससर्व्हर ने एससीपीतला ऑटोडिस्कव्हरचा पत्ता बदलला, सेट-वेबसर्व्हिसेसव्हर्च्युअलडिरेक्टरी ने ईडब्ल्यूएसचा आतला पत्ता बदलला, आणि ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुकचाही, कारण तोही त्याच वाटेने डाउनलोड होतो आणि आज नाही तर उद्या त्याची तक्रार आलीच असती. मग आतल्या डीएनएसमध्ये बाहेरच्या डोमेनचा झोन (त्या डोमेनच्या नावांची यादी) बनवून मेल हे नाव नवीन सर्व्हरच्या आतल्या आयपीवर वळवलं. इथे एक सांभाळायचं, आत असा झोन बनवला की त्या डोमेनची बाकीची नावंही, म्हणजे कंपनीची वेबसाइट वगैरे, त्याच झोनमध्ये हाताने भरावी लागतात, नाहीतर संध्याकाळपर्यंत मार्केटिंगवाले आपल्या दारात, वेबसाइट बंद पडली म्हणून.

पत्ता नीट लागतोय का ते ब्राउझरमधून बघता येतं. ऑटोडिस्कव्हरचा पत्ता उघडून यूजरनेम पासवर्ड दिला आणि एरर कोड 600, इनव्हॅलिड रिक्वेस्ट असं एक्सएमएल आलं तर सगळं उत्तम आहे. एरर हा शब्द बघून घाबरायचं नाही, ब्राउझरने नीट प्रश्न विचारलाच नाही एवढंच तो सांगतोय, म्हणजे सेवा जिवंत आहे. 600 च्या ऐवजी सर्टिफिकेटची वॉर्निंग आली तर काम अजून बाकी आहे.

दुसरा, ज्याने सगळ्यात जास्त छळलं

आयआयएसमधला (विंडोजचा वेब सर्व्हर) ऑटोडिस्कव्हरचा अ‍ॅप पूल रिसायकल केला, म्हणजे ती सेवा नव्याने चालू केली, लोकांना आउटलुक बंद करून उघडायला सांगितलं (ऑटोडिस्कव्हरची माहिती आउटलुक उघडताना आणि नंतर साधारण तासातासाने ताजी होते, त्यामुळे लगेच बदल दिसला नाही तर धीर धरायचा), आणि एका मजल्यावर सगळं चालू झालं. दुसऱ्या मजल्यावर काही नाही. तोच सर्व्हर, तीच बॅच, तेच आउटलुक.

इथे सगळ्यांचं लक्ष सर्व्हरवर होतं, साहजिकच, कारण बदल सर्व्हरवर केला होता. पण एकाच सर्व्हरवरचे दोन मजले वेगळे वागत असतील तर फरक मजल्यात असणार. नेटवर्कवाल्याला विचारलं तर त्याने सहज सांगितलं की त्या मजल्याला ग्रुप पॉलिसीने (सगळ्या मशीनवर एकदम सेटिंग लावायची सोय) प्रॉक्सी लावलेली आहे, दुसऱ्याला नाही. मग लगेच कळलं. आउटलुक वेबवर जाताना इंटरनेट एक्सप्लोररचीच प्रॉक्सी सेटिंग वापरतं. प्रॉक्सीच्या अपवादांच्या यादीत डॉट लोकलची सगळी नावं होती, पण आता आपण पत्ता बाहेरच्या डोमेनच्या नावाचा केला, तो यादीत नाही, म्हणून आउटलुकची रिक्वेस्ट आत जायची सोडून प्रॉक्सीकडे जायला लागली, प्रॉक्सी बाहेरचा डीएनएस वापरत होती त्यामुळे तिने बाहेरचा आयपी काढला, आणि आतून बाहेर जाऊन परत आपल्याच दारातून आत यायचं आमच्या फायरवॉलला मान्य नव्हतं.

"अहो पण लोकल अ‍ॅड्रेससाठी प्रॉक्सी वापरू नका ही टीक तर मारलेली आहे," असं तो म्हणाला, आणि ती खरंच मारलेली होती. पण त्या टिकेला लोकल म्हणजे काय वाटतं ते बघा: ज्या नावात एकही डॉट नाही ते नाव लोकल. नुसतं सर्व्हरचं छोटं नाव टाकलं तर ती लागू होते, मेल डॉट काहीतरी असं पूर्ण नाव आलं की ती टीक असून नसल्यासारखी, मग तो सर्व्हर तुमच्या पायाशी का असेना. हे मी नंतरही कितीतरी ठिकाणी बघितलंय, लोक टीक बघून प्रॉक्सीचा विषय बंद करतात.

ग्रुप पॉलिसीत मेल आणि ऑटोडिस्कव्हर ही दोन्ही नावं अपवादात टाकली, मशीनवर पॉलिसी ताजी केली, रेघा गेल्या. मॅडमचं आउट ऑफ ऑफिसही लागलं. तिकीट त्यांनी तोपर्यंत टाकलेलं होतंच, ते बंद केलं.

न हलवलेल्यांची वेळ

आता उरलं ते वेबमेलमध्येही न दिसणारं, म्हणजे सर्व्हरच्या पलीकडचं. 2010 वरच्या माणसाने 2003 वरच्याची वेळ मागितली तर 2010 ची अव्हेलेबिलिटी सर्व्हिस 2003 च्या मेलबॉक्समध्ये डोकावू शकत नाही, ती 2003 सर्व्हरवरच्या पब्लिक नावाच्या व्हर्च्युअल डिरेक्टरीकडे (वेब पत्त्याखालचा एक विभाग) साध्या एचटीटीपीने जाते आणि तिथून त्या जुन्या पब्लिक फोल्डरमधली नोंद वाचून आणते. 2010 च्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एमएसएक्सचेंज अव्हेलेबिलिटी या सोर्सच्या 4002 नंबरच्या एररची रांग लागलेली होती, आणि प्रत्येकात त्याच जुन्या सर्व्हरचा पत्ता.

2003 च्या आयआयएसमध्ये बघितलं तर पब्लिक डिरेक्टरीवर रिक्वायर एसएसएल लावलेलं, म्हणजे फक्त एचटीटीपीएसनेच या अशी सक्ती. कधीतरी सिक्युरिटी ऑडिटमध्ये कुणीतरी सरसकट सगळ्या डिरेक्टऱ्यांवर लावून टाकलं असणार, आणि तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं कारण त्या वाटेने कुणी येतच नव्हतं. तेवढ्या एका डिरेक्टरीवरचं काढलं, बाहेरून ती फायरवॉलवर बंदच होती म्हणून जोखीम घ्यायला हरकत नव्हती, आणि लगेच दिसायला लागलं. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सोपी दुरुस्ती हीच.

नवीन जॉइन झालेले

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. 2003 वरचे लोक आणि आउटलुक 2003 वापरणारे अकाउंट्सवाले अजूनही पब्लिक फोल्डरवरूनच वाचत होते. त्यांना हलवलेल्यांची वेळ दिसत होती, कारण शेजारी पब्लिक फोल्डर आहे तोवर नवीन आउटलुकही आपली नोंद तिथे चिकटवत राहतं. मग फक्त नवीन लोकांचीच का नाही?

त्या पब्लिक फोल्डरच्या आत प्रत्येक अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ग्रुपसाठी (सर्व्हरांचा गट) वेगळं फोल्डर असतं, आणि कोणाची नोंद कुठल्या फोल्डरात जाणार हे त्याच्या अकाउंटवरच्या लेगसीएक्सचेंजडीएन या मूल्यावरून ठरतं. 2003 वर जन्मलेला माणूस 2010 वर हलवला तरी ते मूल्य बदलत नाही, त्याची नोंद जुन्याच फोल्डरात जाते. पण जो थेट 2010 वर तयार झाला त्याचं मूल्य 2010 च्या ग्रुपचं, म्हणजे नोंद नव्या फोल्डरात. त्या नव्या फोल्डरची रेप्लिका यादी, म्हणजे त्याच्या प्रती कुठल्या सर्व्हरवर आहेत ती यादी, उघडली तर रिकामी! म्हणजे ते फोल्डर नावापुरतं होतं, प्रत्यक्ष कुठल्याच सर्व्हरवर नव्हतं, नोंद चिकटवायला जागाच नाही.

त्या ग्रुपचं नाव एफवायडीआयबीओएचएफ23एसपीडीएलटी असं काहीतरी अगम्य आहे आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला व्हायरस वाटतो. व्हायरस नाही, प्रत्येक अक्षर आणि आकडा एक घर मागे सरकवला की एक्सचेंज12रॉक्स असं होतं, एक्सचेंज 12 हे एक्सचेंज 2007 चं बनत असतानाचं आतलं नाव. त्या ग्रुपला हात लावायचा नाही, नाव बदलायचं नाही.

दोन्ही सर्व्हरचे पब्लिक फोल्डर डेटाबेस त्या फोल्डरच्या रेप्लिका यादीत टाकले, आणि जुन्या ग्रुपच्या फोल्डरचीही रेप्लिका 2010 वर टाकली, कारण पुढे 2003 चा सर्व्हर काढताना ती लागणारच होती. यानंतर लगेच काही दिसत नाही. पब्लिक फोल्डरचं रेप्लिकेशन सर्व्हरमधून सर्व्हरकडे मेलच्या रूपानेच जातं आणि त्याच्या चालीने चालतं, वर त्या नवीन लोकांच्या आउटलुकने नोंद चिकटवायची ती त्याच्या वेळेला. सकाळी बदल केला, दुसऱ्या दिवशी सगळे दिसत होते. मध्ये अधीर होऊन कोणी रेप्लिका काढून परत टाकत बसू नये, त्याने आणखी लांबतं. क्लीनफ्रीबिझी स्विचचा खरा उपयोग असेल तर तो इथे, फोल्डर तयार झाल्यावर, नोंद लवकर लिहून घ्यायला.

डायरेक्टर साहेब

त्यांच्याबाबतीत अपग्रेडचा संबंधच नव्हता. कॅलेंडरच्या परवानग्यांमध्ये डीफॉल्ट या ओळीला 'नन' होतं, म्हणजे मोकळी-बिझी वेळसुद्धा कुणाला नको. केव्हाचं होतं कोण जाणे, पण अपग्रेडनंतर सगळेच कॅलेंडर तपासायला लागले म्हणून आत्ता नजरेस आलं. त्यांच्या सेक्रेटरीला विचारून डीफॉल्टला अव्हेलेबिलिटीओन्ली दिलं, यात फक्त वेळ भरलेली आहे का एवढंच दिसतं, विषय-ठिकाण नाही. विचारल्याशिवाय अशी परवानगी बदलायची नाही, काही लोकांनी ती मुद्दाम बंद ठेवलेली असते.

कमांड मारताना एकदा 'असं फोल्डर नाही' असं उत्तर आलं. साहेबांनी वेबमेलमध्ये भाषा बदलताना फोल्डरांची नावंही त्या भाषेत करा हा पर्याय घेतलेला होता, त्यामुळे इंग्रजी कॅलेंडर नावाने फोल्डर सापडतच नव्हतं. गेट-मेलबॉक्सफोल्डरस्टॅटिस्टिक्स ला कॅलेंडरचा स्कोप देऊन खरं नाव काढायचं आणि तेच कमांडमध्ये टाकायचं.

मीटिंग रूम

शेवटच्या बॅचमध्ये मीटिंग रूम हलवल्या आणि त्यांचं वेगळंच सुरू झालं. आता वेळ दिसत होती, पण रूम नुसतीच तात्पुरती बुक दिसायची, एकाच वेळेला दोन दोन टीम दारात. 2003 वर रूम म्हणजे साधा मेलबॉक्स आणि त्यावर ऑटो अ‍ॅक्सेप्ट एजंट नावाची वेगळी जोडणी, जी 2010 वर चालत नाही. हलवल्यावर तो साधा माणसाचा मेलबॉक्स म्हणूनच आला, आणि माणसाच्या कॅलेंडरमध्ये उत्तर न दिलेली मीटिंग सर्व्हर तात्पुरती म्हणून टाकून ठेवतो. उत्तर द्यायला रूममध्ये माणूस कुठे आहे!

सेट-मेलबॉक्स ने टाइप रूम केला, सेट-कॅलेंडरप्रोसेसिंग ने ऑटोअ‍ॅक्सेप्ट लावलं. मग दुसरी कुरकुर, रूमच्या कॅलेंडरमध्ये मीटिंगचा विषय जाऊन त्याजागी बुक करणाऱ्याचं नाव येतंय. हे डीफॉल्टच आहे, विषय काढायचा आणि आयोजकाचं नाव टाकायचं, आणि खरं तर बहुतेक ऑफिसात तेच बरं, कुणाच्या अप्रेझलची मीटिंग आहे ते सगळ्यांनी वाचायची गरज नसते. रिसेप्शनला मात्र विषय हवा होता, पाहुण्यांना कुठल्या रूममध्ये पाठवायचं ते कळायला, म्हणून फक्त पाहुण्यांच्या रूमवर विषय ठेवायला लावला आणि रिसेप्शनच्या ग्रुपलाच तिथे विषय दिसेल इतकी परवानगी दिली. आधी स्वीकारलेल्या बुकिंगना ही सेटिंग लागू होत नाही, ती रिसेप्शनने लोकांना सांगून पुन्हा करून घेतली.